सुमनला दिलेली विश्रांती

प्रिय भास्कर,

काल तुझं तेरावं झालं. पंगतीत लोक एकमेकांना सांगत होते, भास्करभाऊंनी पोरीला फुलासारखं जपलं. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला चुकीचं विधान ऐकून घेणं जड जातं. म्हणून धुळ्याला परतताच लिहायला बसलो.

मूल दगावल्यावर सुमन चोपड्याला माहेरी आली. जेवेना, झोपेना, आपल्याच हयगयीनं मूल गेलं, एवढंच बोलायची. तू ठरवलंस, तिच्या मेंदूला विश्रांती हवी. सगळी कामं काढून घेऊन तिला झोपाळ्यावर बसवलंस. इथवर तुझं अज्ञान क्षम्य होतं.

मग जळगावच्या डॉक्टरांनी तिच्या डोक्याला तारा लावून डोळे मिटून स्वस्थ पडायला सांगितलं. यंत्राच्या लेखण्या कागदावर फिरतच राहिल्या. पोर काहीच करत नाही, मग हे काय चाललंय, असं तूच विचारलंस ना? डॉक्टर म्हणाले, माणूस स्वस्थ पडला तरी मेंदू स्वस्थ नसतो. आजारी मन रिकामपणी त्याच त्या विचाराला उगाळत राहतं. गोळ्या द्या, आणि हाताला काम द्या. तू मान डोलावलीस. एस.टी. गावाबाहेर पडली नाही तोच मला म्हणालास, "नाना, मन्ही पोर राबी? लोके काय म्हनतीन?"

लोक! हे तुझं प्रमाण.

पुढे तिनं आईकडे, शांताकडे, निवडायला डाळ मागितली, तेव्हा तिच्या मांडीवरचं ताट तू ओढून घेतलंस. एकदाच गेलेलं मूल ती तुझ्या झोपाळ्यावर बसून रोज नव्यानं मारत होती. तुला ते कधीच कसं दिसलं नाही?

तुझी माया मी नाकारत नाही. मायेनं चूक बरोबर ठरत नाही, एवढंच.

काल तिला अडवायला कुणाला सवड नव्हती. तिनं सकाळपासून पोळ्या लाटल्या आणि दुपारी पिठाच्या हातांनीच भिंतीला टेकून गाढ झोपली. एका दिवसावरून सिद्धान्त मांडू नये, हे मी जाणतो. तरी एवढं नोंदवतो: तुझ्या जगण्यानं जी झोप तिला दिली नाही, ती तुझ्या तेराव्यानं दिली.

शांताशी बोललो आहे. गोळ्या चालू राहतील, आणि सोमवारपासून सुमन केळीच्या बागेत जाईल. लोक बोलतील, त्यांना मी उत्तर देईन; हा माझा शब्द.

लोकांनी तुला चिरविश्रांती चिंतली. मीही चिंततो. मेंदूला विश्रांती मिळण्याची तेवढी एकच रीत आहे.

तुझा थोरला भाऊ,
नाना