गौराचं डावं मनगट

७ जानेवारी
सकाळी दुकान उघडता उघडता म्हादूनं मोबाईल पुढं केला. माळावर पाइपासाठी चर खणत होते, जेसीबीला हाडं लागली. माणसाची. लहानगं माणूस, मांडी घालून बसलेलं. बातमीवाला लिहितो, हजारो वर्षांपूर्वीचा बुटका मानव! बसवून पुरायची म्हणे प्राचीन पद्धत. आमचे मालक गेले तवा त्यांना बी लिंगायतांच्या रीतीनं तसंच बसवून माती दिली. त्यांना बी म्हणा मग प्राचीन.
म्हादू म्हणतो, "माय, आपलं शिरूर आता जगाच्या नकाशावर."
"आधी नळाला पाणी आण, मग जा नकाशावर."
लेक हसला. पण फोटोत लिंबाचं झाड होतं. आमच्या जुन्या रानाच्या बांधावरचं. म्हादूकडं बघितलं तर तो हसायचा थांबला होता.

८ जानेवारी
भाकर गेली न्हाई. तीच जागा का, विचारावं तर कुणाला? अर्धं गाव ऊसतोडीला. जुन्यातल्या दोघी उरल्यात, एकीला ऐकू येत न्हाई, दुसरीच्या तोंडात काही ऱ्हात न्हाई.

११ जानेवारी
नात आली पुण्याहून, म्हादूची लेक. प्राजू हाडांचंच शिकती. तिचे सर अन् मॅडम बीडला उतरलेत, हाडं तिथंच नेलीत. पोरगी आनंदानं नुसती उडत होती. चुलीपुढं बसून सांगायला लागली. लांब समुद्रात कुठं बेट हाय, तिथल्या गुहेत साडेतीन फुटी माणसांची हाडं सापडली. त्यावरून शिकलेली माणसं वर्षानुवर्षं भांडत बसली. एक म्हणतात, माणसाचीच पण वेगळी जात. दुसरे म्हणतात, आपल्यासारखंच माणूस, आजारानं खुंटलेलं.
म्हणले, "जाती काय कमी पडल्या होत्या का, अजून एक काढली?"
"आज्जी, ऐक तर. भांडण शेवटी मनगटावर आलं. मनगटाची हाडं आपल्यासारखी न्हवती, म्हणून वेगळी जात म्हणणाऱ्यांचं पारडं जड झालं. अन् आपल्या हाडाचं बी डावं मनगट वेगळं हाय!"
"कावून वेगळं?"
"वाकडं हाय. सर म्हणतात मूळचीच ठेवण. मॅडम म्हणतात मोडून जुळलेलं."
"अन् बसवलंय ते? आपल्यातलं असंल की."
"मी बी आधी तेच म्हणले. पण हातात लिंग न्हाई, गळ्यात न्हाई. आपल्यातलं कसं असंल?"
तव्यावरची भाकर जळली. आज्जीला आता दिसत न्हाई, म्हणाली.

१२ जानेवारी
लिहून टाकते. गौरा माझी लेक. म्हादूच्या आधीची. आठ वर्षांची होती, फळीवरचा गुळाचा डबा काढायला स्टुलावर चढली, डाव्या हातावर पडली. हाडवैद्यानं बांधलं, वाकडंच जुळलं. फळी खाली घ्या म्हणून सगळ्यांना सांगत होते. मी बी घेतली न्हाई.
उंची वाढलीच न्हाई तिची. माझ्या कमरेच्या जरा वर. शिलाई मशीनच्या पायट्यावर मालकांनी लाकडाचा ठोकळा ठोकून दिला होता. गल्लीतल्या निम्म्या बायांची पोलकी तिनं शिवली. तेविसाव्या वर्षी तापात गेली. सासूबाईंनी तिला लिंगदीक्षा देऊ दिली न्हवती, म्हणाल्या हिच्याकडून पूजा काय होणार. मेल्यावर म्हणाल्या, आपल्या समाजाच्या मसणवट्यात, रांगेत नको. मालकांनी अन् अजून दोघांनी बांधावर बसवलं. मोकळ्या हातांनी, लिंगाशिवाय. पुढं ते रान विकलं. मी गप होते. तवाबी अन्...
माझी लेक हजारो वर्षांची झाली.

१४ जानेवारी
संक्रांत. म्हादू तिळगूळ द्यायच्या निमित्तानं जवळ बसला. त्याला पहिल्या दिवसापासून कळलंय.
"माय, गप ऱ्हा. प्राजूचं नाव होतंय यात. अन् उद्या तिची सोयरीक जुळवताना घराण्यात असलं होतं म्हणून निघालं तर?"
"असलं म्हंजी कसलं रे? तुझे शाळेचे सदरे कुणी शिवले?"
उठून गेला. तिळगूळ माझ्या हातातच ऱ्हायला.

१८ जानेवारी
प्राजूला सांगितलं. चुलीपुढून उठली, परत बसली. मग, "मला आत्या होती? अन् एवढ्या वर्षांत एकानं बी सांगितलं न्हाई?" रडली. चिडली. मग तोंड पुसून म्हणाली, "आज्जी, पण पुरावा लागतो."
नऊ महिने वागवलं, तेवीस वर्षं न्हाऊ घातलं. पुरावा!
ट्रंकेतून गौराचं पोलकं काढलं.

२३ जानेवारी
यष्टीनं बीडला. एका खोलीत टेबलावर हाडं मांडलेली. इवलीशी. मला वाटलं होतं रडू येईल, न्हाई आलं. कवटीकडं बघवेना, मनगट बघितलं. तेच.
सर म्हणाले, "आजीबाई, तुमच्या भावना समजतात."
"भावना घरी ठिवून आले. पोलकं घेऊन आले."
मॅडमनी बाह्या हाडांशेजारी पसरल्या. डावी बाही दोन बोटं आखूड. हात वाकडा, म्हणून स्वतःसाठी तशीच शिवायची. मॅडमनी पट्टी लावली, परत लावली. सरांकडं बघितलं.
सर म्हणाले, "कपड्यावरून सिद्ध होत नाही. पण वेगळी जात नसेल, तर आजार तरी..."
"आजारी न्हवती. बुटकी होती. माझ्यापेक्षा जास्त पाणी भरायची."
प्राजू माझ्या मागं उभी होती. माझा पदर धरून ठिवला होता तिनं.
मग माझ्या गालातून कापूस फिरवला, नळीत घातला. हाडाशी जुळतंय का बघणार. आपल्याकडच्या उन्हात हाडातलं काही उरतंच असं न्हाई, मॅडमनी आधीच सांगून ठिवलं.
पेटीवर नुसता आकडा होता. म्हणले नाव लिहा. मॅडमनी पेन्सिलीनं लिहिलं, गौरा, अन् पुढं प्रश्नचिन्ह.
"ते वाकडं कशाला?"
"निकाल येईपर्यंत असू द्या, आजी."

३ फेब्रुवारी
कपिलधारला मठात गेले. म्हादूनं गाडीवर सोडलं, तो बाहेरच थांबला. लिंग घेतलं. स्वामींनी विचारलं, कुणासाठी?
लेकीसाठी.
वय?
काय सांगू. तेवीस, का पेपरात आलंय तेवढं?

१९ फेब्रुवारी
प्राजूचा फोन. हाडात काही मिळालं न्हाई. आता दाढ घेऊन परत बघणार. या हाडांवर छापायचा तिचा कागद तिनं थांबवलाय, सर तिच्याशी बोलत न्हाईत. म्हणले, तुझं नुकसान झालं. म्हणाली, "आज्जी, आत्या गाणं म्हणायची का गं?" दाढेचं नाव काढलं तर मला काय काय आठवलं, अन् ही गाणं विचारती.
लिंग गुळाच्या डब्याशेजारी ठिवलंय. दुपारी फळी खाली घेतली, कमरेएवढी. म्हादूच खिळे ठोकत होता.
"माय, आता कुणाला लागणार ही इथं?"
ठोक म्हणले. अजून दोन बोटं खाली.