मास्तरांचे एकोणीस रविवार

७ जानेवारी, रविवार. दुपारी ४.
नव्या वर्षाचा संकल्प पक्का. मास्तरांवर पुस्तक लिहायचं.
कोपऱ्यावरच्या हॉटेलात, वरच्या मजल्यावर, दर रविवारी बारा ते दोन चौघांचा बँड जॅझ फ्यूजन वाजवतो. लोक गिटारवाल्याकडे बघतात, कारण तो केस उडवतो. बेस गिटार वाजवणारा मागे एसीखाली उभा. आठवडाभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच सोडायला शिकवतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. असा बेस मी उभ्या जन्मात ऐकला नाही. ही गोष्ट या गावात फक्त मला कळली आहे.
आजपासून प्रत्येक कार्यक्रम फोनवर रेकॉर्ड करणार. पहिला झाला. बायको सोबत होती, तिला बारकावे समजावून सांगितले. ती सूप गार आहे म्हणाली.

२१ जानेवारी, रविवार.
तिसऱ्या गाण्यात मास्तर मध्येच थांबले. सगळा बँड थांबला. त्या शांततेत मी कडकडून टाळ्या वाजवल्या. एकट्याने. मास्तरांनी थेट माझ्याकडे पाहिलं. कलाकाराला जाणकार लगेच ओळखू येतो.
नंतर ड्रमर टेबलापाशी येऊन म्हणाला की टाळ्या गाणं संपल्यावर वाजवल्या तर बरं पडेल. मत्सर, दुसरं काय.

६ फेब्रुवारी, मंगळवार.
प्रस्तावनेची आठ पानं झाली. मास्तर अजून आलेले नाहीत, पण पाया भक्कम हवा. सध्या माझ्या कानांवर लहानपणी झालेल्या संस्कारांबद्दल लिहितोय.
दुकानात चष्म्याच्या काचा घासताना हाच विचार डोक्यात. एका बाईंचा डावा नंबर उजवीकडे गेला. मालक खूप बोलले. मनावर घेतलं नाही.

११ फेब्रुवारी, रविवार. रात्री ९.
मेहुणा जेवायला. हा लग्नसमारंभांना स्पीकर आणि माइक लावतो. म्हणाला, दाजी, फोनच्या छोट्या माइकला बेसचा जाड आवाज झेपत नाही, वरून तुम्ही बसता कोपऱ्यात. बँडच्या साउंड मिक्सरमधून एक वायर घेऊ, मी येऊन जोडून देतो. निदान आत काय आलंय ते एकदा ऐकून तरी बघा.
भोंगे बांधणाऱ्याने मला बेस शिकवावा. त्याला सांगितलं, मी स्वतः तिथे हजर असतो, मला परत ऐकायची काय गरज. बायको भावाच्या बाजूने. अपेक्षितच.

१७ मार्च, रविवार.
बायको आता येत नाही. म्हणते, माझी टकळी थांबत नाही. मग शेजारच्या टेबलावरच्या काकांना समजावून सांगितलं, पहिल्या गाण्यापासून. ते एकाग्र होऊन ताटाकडे पाहत होते.
शेवटच्या गाण्यात मास्तरांनी काहीतरी असं वाजवलं की अंगावर काटा आला. काय ते नेमकं लिहिता येत नाहीये. रेकॉर्डिंगमध्ये आहेच. सावकाश ऐकू.
आज मास्तरांशी बोलायचं ठरवलं होतं. पण ते वायर गुंडाळत होते. पुढच्या रविवारी नक्की.

१२ मे, रविवार.
एकोणिसावं रेकॉर्डिंग. आणि अखेर मास्तरांशी बोललो. म्हटलं, तुमचे एकोणीस रविवार माझ्या खिशात आहेत.
मास्तरांना खरंच वाटेना. दोनदा विचारलं, माझे? म्हणाले, तीस वर्षं वाजवतोय, पण माझं रेकॉर्डिंग कुणाकडेच नाही, व्हिडिओ काढतात त्यातही गिटारच. जरा ऐकवता का, म्हणाले.
मी म्हटलं, घाई नको. पुस्तक झालं की सगळं एकदम तुमच्या हातात देतो. मान हलवली त्यांनी. बरोबरच केलं मी. तुकड्यातुकड्याने दिलं की मजा जाते.

१९ मे, रविवार.
मास्तर नाहीत. कीबोर्डवाला डाव्या हाताने बेसची बाजू सांभाळत होता. त्यानेच सांगितलं. गुरुवारी गाडी शिकवतानाच अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, डावा हात गेला. आता वाजवणं नाही.
एकाही टेबलावर कुणी विचारलं नाही की मास्तर कुठे आहेत.
फोन खिशातून काढलाच नाही. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

२ जून, रविवार.
मास्तरांच्या मुलीचा फोन. हॉटेलातून नंबर मिळवला. म्हणाली, बाबा रोज तुमचं विचारतात. स्टेजवर मागून ड्रमचा दणका, त्यांना त्यांचं वाजवणं कधी धड ऐकूच आलं नाही. एकदा ऐकायचंय म्हणतात.
पुढच्या रविवारी येतो म्हटलं. आधी स्वतः ऐकून ठेवावं असं वाटलं होतं. पण पहिला मान त्यांचा. नाही ऐकलं.
मेहुण्याकडे स्पीकर मागितला. त्याने चांगला मोठा दिला.

९ जून, रविवार. संध्याकाळी ७.
मास्तर खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. डावा हात मुलीने उचलून उशीवर ठेवला.
पहिलं रेकॉर्डिंग लावलं. गिटार. झांजा. काटेचमचे. आणि माझा आवाज. आता बघ हं, आता बघ, हे बोट बघ. बेस नाही. आवाज वाढवला. वाढला तो माझाच.
दुसरं लावलं. पाचवं लावलं. सतरा मार्चचं शेवटचं गाणं लावलं. त्यात मी काकांना माझ्या प्रस्तावनेबद्दल सांगतोय. मुलगी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. अकराव्याला मास्तर म्हणाले, बंद करा आता.
मग त्यांनी विचारलं, तुम्ही तर दर रविवारी होतात, ते शेवटचं गाणं मी कसं घ्यायचो, जरा गुणगुणून दाखवा. चार सूर चालतील.
मी तोंड उघडलं. डोळे मिटले. मास्तर दिसत होते, एसी दिसत होता, बोटंसुद्धा दिसत होती. सूर एकही आला नाही. एकोणीस रविवार मी त्यांच्यासमोर बसलो आणि त्यांना ऐकलंच नाही.
मास्तरच मला समजावू लागले. उजवा हात माझ्या गुडघ्यावर ठेवून म्हणाले, असू द्या हो, एवढ्या गर्दीत कुणालाच धड ऐकू येत नाही.
गर्दी कधीच नव्हती. आठ-दहा माणसं असायची. गुपचूप जेवायची. बोलणारा मी एकटा.