सहीच्या बदल्यात घर

रविवार, दिनांक ९ मार्च २०२५ रोजी सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या धाकट्या भावाच्या बायकोने स्वतःच्या नऊ वर्षांच्या मुलीचे कपडे पिशवीत कोंबले, पिशवी आणि मुलगी दोन्ही जिन्यात काढली आणि आतून कडी घातली. अपराध असा, की जेवताना माझ्याविषयी बोलताना पोरीच्या तोंडून 'आत्या'ऐवजी 'आई' निघाले. माझ्या भावाने टीव्हीचा आवाज वाढवला.

मी खालच्या मजल्यावर राहते. आरडाओरडा ऐकून तिला न्यायला वर गेले, तर ती येईना. म्हणाली, "मी तुझ्याकडे आले आणि तेवढ्यात आईनं दार उघडलं तर?" तासाभराने दार उघडले. भावजयीने तिला छातीशी कवटाळून हंबरडा फोडला, "तूच गं माझं सगळं!" हे पहिल्यांदा झालेले नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, वय एकाहत्तर, अविवाहित, दंतवैद्यांना कवळ्या बनवून देणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. माझ्या हृदयाची झडप निकामी होत आली आहे, डोके नाही. भाऊ उद्या म्हणेल, "ताईचं डोकं फिरलं होतं." ज्या दातांनी म्हणेल, ते मीच बनवलेले आहेत.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या, माझ्या कमाईच्या. हे भावाच्या या मुलीला द्यायचे होते. वकील म्हणाले, "बाई, घर मी सांभाळीन तिच्यासाठी. तिला कोण सांभाळणार?" दुसऱ्याचे मूल मृत्युपत्रात लिहून घेता येत नाही.

शाळेकडे येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी तिला दोनदा पाहिले. त्या म्हणाल्या, "इतक्या लहान वयात मी आजाराचं नाव लावणार नाही. पण वळण दिसतंय. मोठेपणी याला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. आत्ता उपचार सुरू झाले तर काही अंशी थोपवता येईल. वडिलांची लेखी संमती आणा." 'काही अंशी' हे मी नीट ऐकले आहे.

वळण कसले, ते मी रोज पाहते. सोमवारी मी जगातली सगळ्यात चांगली आत्या. मंगळवारी मला दार उघडायला जरा उशीर झाला, तर "तू पण तसलीच! मर तू!" आणि लगेच स्वतःच्याच दंडाला चावा, रक्त येईपर्यंत. मग माझी बाही मुठीत धरून, "तू मला सोडणार नाहीस ना?" कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने मलाही छड्या दिल्या, आणि त्या मी अजून माफ केलेल्या नाहीत. पण कशाबद्दल मिळणार, ते आधी ठाऊक असे. या पोरीला सकाळी ज्या गोष्टीबद्दल पापा मिळतो, त्याच गोष्टीबद्दल संध्याकाळी थोबाडीत बसते.

बालकल्याण अधिकाऱ्यांकडे मी तक्रार केली. ते घरी आले. मुलगी आईच्या मांडीवर बसून म्हणाली, "आई मला कधीच मारत नाही. आत्या खोटारडी आहे." त्यांनी चहा घेतला आणि गेले.

भावाकडे संमती मागितली. "ताई, आपल्या घरात वेडं कोणी नाहीये. बाबांनी मला पट्ट्यानं फोडलं. मी बिघडलो का?"

"हो," मी म्हटले. "बिघडलास."

सबब हे घर मी भावालाच देत आहे. होय, त्यालाच. अट अशी, की त्याने संमतीवर सही करावी आणि मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत उपचार बंद पाडू नयेत. तोवर घराचा ताबा वकिलांकडे राहील. सही झाली नाही, किंवा मध्येच उपचार बंद पाडले, तर घर माझ्या प्रयोगशाळेच्या मालकाला जाईल, ज्याचे नाव काढले तरी भावाच्या कपाळाची शीर उठते. ही लाच आहे. मायेने मागून झाले, कायद्याने मागून झाले, आता लाच देऊन बघते.

कलम दोन. बँकेतील ठेव केवळ उपचारांच्या फीसाठी. वकिलांनी ती परस्पर भरावी. भावाच्या हाती दमडी देऊ नये.

कलम तीन. मेण कोरायच्या सुऱ्या, बर्नर आणि जबड्याचे साचे प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीला. ती मला पाठीमागे 'जबडेबाई' म्हणते. म्हणू दे. तिचा हात चांगला आहे.

कलम चार. भावजयीला काही नाही. तिच्या आईने लहानपणी तिला कुठे कुठे डागले, ते तिनेच मला एकदा रडत दाखवले होते. त्याची दया येते. तरीही काही नाही.

कलम पाच. मी गेल्यावर मुलीला "आत्या गावाला गेलीय" असे सांगू नये. तिला माझे प्रेत दाखवावे. माझ्यावर चिडली, शिव्या दिल्या, तर देऊ द्याव्यात. तिला गप्प करू नये. सोडून गेले नाही, मेले, एवढा फरक तिला कळला तर कळला. कळेल अशी मला फारशी आशा नाही.

साक्षीदार: तळमजल्यावरच्या शिलाईबाई (सही), वकिलांचे कारकून (सही). दोघांनी एकत्र, माझ्या समक्ष सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.
स्थळ: माझे राहते घर. दिनांक २२ मार्च २०२५. लिहून ठेवणार: मी (सही).

प्रत: धाकट्या भावास, हातोहात. संमती देतोस की नाही, ते शुक्रवार, दिनांक ४ एप्रिल २०२५, सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी कळव. फोन नको, बायकोकरवी निरोप नको, जिन्यात मान हलवणे नको. तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने. उत्तर आले नाही, तर ते 'नाही' समजून सोमवारी मी हे घर प्रयोगशाळेच्या मालकाच्या नावावर करून देईन.