पाय शांत होण्याआधी

पुणे, मंगळवार

तीर्थरूप आईस योगिनीचा नमस्कार.

मी बरी आहे. तुझे जावई माझ्याआधी जेवत नाहीत, म्हणून मीही वेळेवर जेवते. आमची साई तुला त्रास देत नाही ना? तिची वेणी घालतेस ना?

ऑपरेशन परवा आहे. जीपमधून पडून मणका मोडल्यापासून लघवीवर ताबा नाही, आणि आता ती उलटी किडनीकडे चढतेय. डॉक्टरबाई पाठीतल्या काही नसा कापून एक यंत्र बसवणार आहेत. मग बटण दाबलं की लघवी होईल. पाय आखडून उडायचेही थांबतील.

हेच तुला सांगायची भीती वाटत होती. पाय उडाला की तू देवापुढे साखर ठेवतेस, "पोरी, जीव येतोय गं पायात," म्हणतेस.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, "खरंच जीव येत असला तर?"

त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या. "तो जीव नाही, योगिनी, नुसता झटका आहे. कापलेली नस पुन्हा जुळत नाही, हे खरं. पण असंच चाललं तर किडन्या जातील."

काल सकाळी पाय असा उडाला की चादर खाली पडली. ह्यांनी ती उचलली नाही. आम्ही दोघं नुसते पायाकडे बघत राहिलो. मग मी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

घरी येईन तेव्हा पाय अगदी गप्प असतील. आई, घाबरून ते हलवून बघू नकोस. आधी माझ्या तोंडाकडे बघ.

तुझी,
योगिनी