माझा कोर्स गेला

९ मे, शनिवार
एक टर्म मागे! मेजर अभय साहेबांनी ऑफिसात बोलावून सांगितलं. जानेवारीत धावता धावता खुब्याच्या हाडाला चीर गेली, मग मिलिटरी हॉस्पिटलात नुसतं पडून — कॅम्प, परीक्षा, सगळं बुडालं. अजूनही हातात कुबडी. म्हणजे हे होणारच होतं. तरी "येस सर" म्हणून बाहेर आले आणि उलट्याच बाजूला चालू लागले.

माझा कोर्स तीस तारखेला पास होऊन जाणार. मी इथेच, धाकट्या कोर्सबरोबर.

कोर्स म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. एकत्र अकादमीत आलो, एकत्र शिक्षा खाल्ल्या — नातं जन्माचं. पांढऱ्या मिशांचे जनरल पाहुणे म्हणून येतात, तेसुद्धा एकमेकांना नावाच्या आधी विचारतात, "कोर्स कुठला?" मला कोणी विचारलं तर काय सांगू?

१० मे
रविवारचा फोन. बाबा म्हणाले, "सोड. आपलं मांजरी गाव काय लांब आहे? गाडी घेऊन येतो." आईने फोन ओढून घेतला — "जेवतेस ना नीट?" मग खरी बातमी कळली. चुलतभाऊ समर्थने चौकात फ्लेक्स लावलाय. टोपीतला माझा फोटो, खाली "मांजरीची वाघीण" आणि पास होण्याची तारीख. बाबा स्वतः शिडी लावून उतरवायला गेले. लोकांना म्हणाले, "छापताना तारीख चुकली."

हसले मी. फोन ठेवल्यावर नाही हसले.

१३ मे
मेसमध्ये आता धाकट्यांच्या टेबलावर. शेजारी तनुजा. गेल्या आठवड्यापर्यंत मी दिसले की भिंतीला चिकटून ताठ उभी राहायची. आता रीतीप्रमाणे तिने मला नावाने हाक मारायची. पोरीला जमेना! अख्ख्या जेवणात मला नावच नाही. "जरा... ते... मीठ."

पलीकडच्या टेबलावर ऋतिका. तीन वर्षं माझ्या शेजारच्या खोलीत. तिने एकदा बघितलं आणि वरणात चमचा फिरवत बसली.

१४ मे
कोणी काही वाईट बोलत नाही. बोलले असते तर बरं.

१९ मे
जाणाऱ्या कोर्सने आपल्या वस्तू धाकट्यांना देऊन जायचं, ही इथली जुनी पद्धत. बादली, इस्त्री, टेबललॅम्प — पोरापोरांतून फिरत आलेलं सामान, आता पोरींतूनही फिरतंय.

संध्याकाळी ऋतिका दारात. हातात इस्त्री. आत येईना.

"ही तुला," म्हणाली.
"का?"
"म्हणजे... पद्धत आहे ना."
"धाकट्यांना द्यायची पद्धत आहे."

तिचा चेहरा पडला. माझ्या मनात तसं नव्हतं गं, म्हणाली. मला माहीत होतं! तरी मी म्हणाले, "थँक यू, मॅम." मुद्दाम, धाकट्यांसारखं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इस्त्री दाराशी ठेवून गेली.

तिच्याइतकं मला इथे कोणी जपलं नाही. पहिल्या टर्ममध्ये मला पोहता येत नव्हतं तेव्हा तलावाच्या कडेने माझ्याबरोबर चालत राहायची. आणि मी काय बोलले.

२४ मे
मेजर साहेबांकडे गेले. परेडला निदान रांगेत उभं राहू द्या म्हटलं. "डॉक्टर नाही म्हणतात. प्रेक्षकांत बसायचं." मग म्हणाले, "मीही एक टर्म मागे पडलो होतो. माझ्या लग्नाला दोन्ही कोर्सचे लोक आले. जेवण कमी पडलं." हसले नाहीत. मला कळेना, हसायचं की नाही.

३० मे
परेड झाली. मी वर्दीत, साडी-सफारीतल्या आईबापांच्या मधोमध. मागून एक काकू — "तू नाहीस का गं परेडमध्ये?"

शेवटी माझा कोर्स संथ पावलांनी चालत आला. वर एक पायरी, ती ओलांडली की कॅडेटपण संपलं. अंतिम पग म्हणतात. पहिल्या दिवसापासून त्या पायरीकडे बघत आलो सगळे. ऋतिका माझ्यासमोरून गेली. नजर सरळ, हनुवटी वर. काय सुंदर चालली! टाळ्या वाजवल्या मी. हात दुखेपर्यंत.

बाहेर आले तर आई-बाबा! मला न सांगता आले होते. ऋतिकाच्या घरून कोणी येणार नव्हतं, वडील आजारी. तिनेच आईला फोन केलेला. आईने तिला कुशीत घेतलं. मी बाजूला तिची टोपी धरून उभी. "त्या इस्त्रीचं..." मी सुरू केलं. "गप गं," ती म्हणाली. आणि गेली. बसमध्ये त्यांची गाणी चालू होती.

मेजर साहेब भेटले. बाबा म्हणाले, "जय भीम साहेब." ते म्हणाले, "जय भीम, सीतारामजी. पोरगी खंबीर आहे." गाडीपाशी मला म्हणाले, "बस आत. पुरे झालं."
"मी नाही येणार, बाबा. इथूनच पास होणार."
"हट्ट नुसता! पायाने अधू झालीस तर कोण बघणार?"

गाडी सुरू करून गेले. आईने खिडकीतून हात हलवला.

७ जून
सगळे सुट्टीवर. मी पायाच्या व्यायामासाठी इथेच. कॉरिडॉरमध्ये माझ्याच बुटांचा आवाज. पण आज कुबडीशिवाय पूर्ण मैदान चालले! सांगायला कोणी नव्हतं. इथे लिहिलं.

११ जून
पुन्हा एक्स-रे. मंगळवारी मेडिकल बोर्ड बसेल. मी धावणार आहे जुलैत.

१६ जून
हाड पुन्हा तितकं पक्कं होणार नाही. कायमची अपात्र. घरी पाठवणार.

बाबांना फोन केला. वाटलं, सुटलो म्हणतील. पण आवाज आला, अगदी बारीक — "त्यांना सांग ना बाळा, अजून थोडे दिवस थांबा म्हणावं."