मास्तरणीचं दुखणं

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

धाकटीचा सा. न. वि. वि.

घरात आजारपण आलंय. आई बरी आहे, हे आधीच सांगते, नाहीतर तुझा जीव टांगणीला लागेल. आजारी आहे ती मास्तरीण. मान वर करून, पावलं मोजत परसभर फिरते म्हणून तूच हे नाव ठेवलं होतंस. आता ती भिंतीच्या कडेला बदकासारखी ताठ उभी असते. शेपूट खाली, डोळे अर्धे मिटलेले. गेल्या आठवड्यात कवचाशिवायचं एक अंडं दिलं, नुसती ओली पिशवी. त्यानंतर काही नाही. सारखी जोर करते आणि थकून बसते.

गुरांच्या दवाखान्याला कुलूप आहे. डॉक्टरांची बदली झाली, नवे आलेच नाहीत. कंपाउंडर पायरीवर ऊन खात बसला होता. म्हणाला, कोंबडीला औषध विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच, बाकीचे लोक मसाला विचारतात. मी हसले नाही, तेव्हा तो ओशाळला. जवळचा दुसरा डॉक्टर बसने चार तासांवर आहे. आईला तेवढा वेळ कुणाकडे ठेवू?

तू हॅचरीत वीस वर्षं काढलीस. काय करू ते लगेच कळव. तुमच्या ऑफिसात कामगारांचे फोन घेत नाहीत, म्हणून पत्रच लिहिते आहे. आई सकाळी मास्तरणीला दाणे टाकते आणि मगच स्वतः तोंडात घास घेते. ते तर तुला ठाऊकच आहे.

माया आहे ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

पत्र आजच मिळालं, जेवणाच्या सुट्टीत उत्तर लिहिते आहे. अंडं अडकलंय. पसरट टबात कोमट पाणी घे, तुझ्या मनगटाला सोसेल एवढंच. तिचं पोट बुडेल अशी तिला त्यात वीस मिनिटं बसव. मग बोटाला खायचं तेल लावून मागच्या बाजूला हलक्या हाताने फिरव. आत अंडं लागलं तर ओढू नकोस, दाबू तर मुळीच नकोस. फुटलं की संपलं. नंतर पुसून अंधाऱ्या, उबदार जागी ठेव. तुझ्या कॅल्शियमच्या गोळ्यांपैकी एक कुटून दाण्यात मिसळ. तुला त्या घ्यायला सांगितल्या होत्या, त्या डब्यात तशाच पडल्या असणार, मी ओळखून आहे.

एक सांगते. मी रोज हजारो पिल्लं हातात घेते, पण आजारी पाखरू बरं कसं करायचं ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. इथे आजारी पिल्लू म्हणजे मरायला थेट बादलीत. हे सगळं मी इथल्या म्हाताऱ्या सुपरवायझरला विचारून लिहिलं आहे. तो आधी माझ्याकडे बघतच राहिला.

आईला नमस्कार सांग. मी कोण ते तिला कळो न कळो.

आठवण ठेवत जा.

तुझी,
ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझ्या हातावर साखर ठेवावीशी वाटते! टबात बसवलं तेव्हा आधी तिने माझ्या हाताला टोचून रक्त काढलं, मग ऊब लागली तशी डोळे मिटून गप्प झाली. आईने तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. मी सांगितलं नव्हतं, ती आपणहून येऊन टबाशी बसली. दुसऱ्या दिवशी चुरगळलेलं कवच बाहेर पडलं. आत पिवळं-पांढरं काहीच नव्हतं, पण मास्तरीण दुपारी उठून पाणी प्यायली आणि काल चक्क माझ्या शिवणाच्या चिंध्या उकरत होती. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आहे, तरी मी मशीन सोडून तिच्याकडेच बघत बसले.

आई परवा मला म्हणाली, बाई, तुम्ही कामाला चांगल्या आहात. आता मी तिला मुलगी असल्याचं सांगत बसत नाही. चांगली आहे म्हणाली, ते ठेवून घेतलं.

तू एकदा येऊन जा ना. सहज म्हणते.

आहे तसाच लोभ राहू दे.

तुझी,
धाकटी

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं उत्तर नाही, आणि मला थांबवत नाही. मास्तरणीचं पोट फुगलंय. हाताला पाण्याने भरलेल्या रबरी पिशवीसारखं लागतं. चालताना पाय फाकतात, दोन पावलांत धाप लागते. मागची पिसं चिकटून वास येतो. रोज धुते. खायला काहीच घेत नाही, ड्रॉपरने पाणी पाजते तेही निम्मं बाहेर येतं. समोरच्या घड्याळवाल्या काकूंनी त्यांच्या घरातल्या तापाच्या गोळ्या आणून दिल्या. मी हातात घेऊन बसले आणि परत केल्या.

खरी गोष्ट आईची आहे. पाखरू खात नाही म्हणून तीही खात नाही. मूठभर दाणे घेऊन खोक्याशी बसते. मी ताट पुढे केलं की म्हणते, आधी तिचं होऊ दे. चार दिवस चहावर आहे. काल उठताना भिंत धरली तिने.

काय करू ते स्पष्ट सांग. मला दुसरं कोण आहे?

तुझी,
धाकटी

१ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद.

स्पष्ट लिहिते. ते अंडं आत फुटलेलं होतं. कवच बाहेर आलं, बाकीचं पोटात जाऊन कुजलं. डॉक्टर असता तरी आता फार काही करू शकला नसता. मागचं तुझं पत्र वाचतानाच मला शंका आली होती. कवच रिकामं होतं, हे तू किती आनंदाने लिहिलं होतंस. माझ्याच्याने उत्तर लिहवलं नाही. चूक माझी.

तिला सोडव. डाव्या हातात दोन्ही पाय धर, डोकं खाली येऊ दे. उजव्या हाताची दोन बोटं मानेच्या मागे, कवटीला लागून. खाली ताणायचं आणि डोकं एका झटक्यात मागे वळवायचं. अर्धवट करू नकोस, त्याने हाल वाढतात. नंतर पंख फडफडतील, घाबरू नकोस, तेव्हा ती तिथे नसते. आई आंघोळीला गेली असताना कर.

मला हे लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मला माझीच लाज वाटली.

तुझी,
ताई

८ मार्च

ती. ताईस,

सा. न.

झालं. पण माझ्या हातून नाही.

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी आईला न्हाणीत पाणी काढून दिलं आणि परसात गेले. पाय धरले, बोटंही मानेवर ठेवली. तिने डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि मी पाय सोडून दिले. तशीच तिला मांडीवर घेऊन रडत बसले.

आई कधी मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही. केस ओले, पदर खोचलेला. तिने मला विचारलं, किती दिवस झाले हिला असं होऊन? मी म्हटलं, महिना झाला. तशी ती खेकसली. तू लहान असताना तिचा जो आवाज होता म्हणतेस ना, तोच असणार. म्हणाली, महिनाभर जीव टांगून ठेवलास? आण इकडे. माझ्या हातातून पाखरू घेतलं, पाठीवरून एकदा हात फिरवला, काहीतरी पुटपुटली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपलं. ताई, आई वसतिगृहात स्वयंपाकाला होती तेव्हा रविवारी चाळीस-चाळीस कोंबड्या मारणारे तिचे हात तू पाहिलेस. मी परवा पहिल्यांदा पाहिले.

लिंबाखाली खड्डाही तिनेच सांगून मला खोदायला लावला. हातभर खोल जाऊ दे, नाहीतर कुत्री उकरतील, म्हणाली. मग पायरीवर बसलो. माझं तोंड पदराने पुसून तिने मला माझ्या नावाने हाक मारली. पावणेदोन वर्षांनी. मला काय काय विचारायचं होतं. तिने विचारलं, थोरली कुठे आहे? मी म्हटलं, कामावर. म्हणाली, तिला म्हणावं, जेवून जात जा.

मी चहा टाकायला आत गेले. कप घेऊन आले तर ती खोक्यात वाकून बघत होती. मला म्हणाली, बाई, आमची कोंबडी दिसली का?

तुझी,
धाकटी

१२ मार्च

चि. धाकटीस,

पत्र वाचून कामावर गेले आणि आज पहिल्यांदाच माझा हात चालेना. बादलीशी उभी राहिले. सुपरवायझरने घरी पाठवलं.

तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. गेल्या वर्षी आले तेव्हा आईने मला अंडी विकणारी समजून दारातच उभं केलं, आठवतं? तू हसलीस, मीही हसले. दुसऱ्या दिवशी सुट्टी नाही म्हणून निघून आले. सुट्टी होती, धाकटे. आठ दिवसांची होती. ती मी खोलीवर झोपून काढली. तेव्हापासून तुझ्या पत्रात येऊन जा असं वाचलं की मी पत्राची घडी घालते.

सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर टाकलं. तू कोंबडीचं लिहीत राहिलीस आणि मीही कोंबडीचंच उत्तर देत राहिले.

पुढच्या रविवारी निघते, सोमवारी दुपारच्या बसने पोचेन. या वेळी परतीचं ठरवलेलं नाही. इथून मास्तरणीसारखी दिसणारी एखादी तलंग, कोवळी कोंबडी, घेऊन येऊ का?

रागावली असशील तर राहा, पण दार उघड.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

हे पत्र तू निघायच्या आत मिळावं म्हणून लगेच टाकते आहे. रागाला वेळ नाही. तू ये.

तलंग आणू नकोस. आईला फसवता येईल, पण तिच्या हाताला कळेल.

ती दोन घास खाते, तेही मी भरवले तर. उठताना दोघींचा आधार लागेल, एकटीला आता मला जमत नाही. तू आलीस की मी आधी एक दुपार झोपणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. ओळखलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. विचारलंच तर कामाला आलेली दुसरी बाई म्हणून सांग, निभावतं.

आणि एक. रोज सकाळी ती परसाचं दार उघडून मास्तरीण कुठे म्हणून विचारते. पहिले तीन दिवस मी खरं सांगितलं. तिन्ही दिवस ती उंबऱ्यात बसून रडली, हे कुणी केलं म्हणून विचारत राहिली. चौथ्या दिवशी मी सांगितलं, ती खुडूक बसली आहे, अंड्यांवरून उठवायची नाही. तशी आईने आवाज न करता दार लोटून घेतलं.

तेव्हा तुला विचारलं तर मास्तरीण खुडूक बसली आहे. चुकूनही खरं बोलू नकोस. ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकते.

वाट बघते.

तुझी,
धाकटी