मालूचा कावळा आणि काशिराम मास्तरांचे पदार्थविज्ञान

पनवेल,
ता. ८ नोव्हेंबर १९५९

राजमान्य राजेश्री जगनदादा, मुक्काम उरण, यांस बळीरामचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडे सर्व क्षेम. तुमच्या गुडघ्याची, आणि तपकीर सोडल्यापासून बिनकामाच्या झालेल्या नाकाची खुशाली कळवावी. तुमची बहीण मालू गेल्यापासून तुम्ही आमच्या घराची पायरी चढला नाहीत, तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचावे.

गेल्या रविवारी वाचनालयात ओवे गावच्या काशिराम मास्तरांचे ‘पदार्थविज्ञान आणि मरण’ या विषयावर व्याख्यान झाले. (अध्यक्षांनी ओळख करून देतानाच आम्हाला अर्धे मारले होते.) मास्तर उंचीने जेमतेम पाच फूट, पण खडू हातात घेतला की माणूस छताला टेकेल असे वाटते. म्हणाले, जगातला कणही नाहीसा होत नाही, नुसते रूप बदलतो. आपल्या रक्तातले लोखंड कुठल्याशा जुन्या ताऱ्याच्या पोटात शिजलेले आहे. (मालू चुलीपुढे एवढी का तापायची, ते मला तेव्हा कळले.) मग त्यांनी मिठाचा खडा पेल्यात विरघळवून दाखवला. तेवढ्यात मिठागरावरची गुणाबाई उठली. “मास्तर, पानी उडालं का मीठ परत येतं, त्या आमाला ठावं हाय. पन त्योच खडा येतो का?” मास्तरांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, “नाही मावशी, तोच येत नाही. तो कुठे गेला, हे माझ्या शास्त्राला सांगता येत नाही.” दादा, भर सभेत ‘मला ठाऊक नाही’ म्हणणारा विद्वान मी प्रथमच पाहिला. मला तर त्यांच्या पाया पडावेसे वाटले.

म्हणून व्याख्यान संपल्यावर मी त्यांना आपली गोष्ट विचारली. दहाव्याला तळ्यावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तुम्ही तपकीर सोडलीत, चहा सोडलात, शेवटी सख्ख्या चुलत्याशी भांडण सोडलेत, तरी नाही. दर्भाचा कावळा करून उरकावे लागले, आणि ‘त्या भाऊबिजेला मी गेलो नाही म्हणून मालू माझ्यावर रुसून गेली’ असे तुम्ही मनाला लावून घेतलेत. मास्तरांनी सगळे शांतपणे ऐकले. माणसे किती होती, पिंडापासून किती हातांवर उभी होती, ओरडत होती का, हे विचारले. म्हणाले, “कावळ्याच्या मनातले मला कळत नाही. पण घडले ते सगळे, काहीही न वगळता, लिहून काढा. निष्कर्ष त्यानंतर.” मी घरी आलो आणि आठ दिवस दौत उघडली नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
बळीराम

ता. क. वगळलेले लिहितो. कावळा आला होता. दोनदा आला, पिंडाजवळ बसलाही. तुम्ही डोळे मिटून चहा सोडत होता आणि सगळे तुमच्याकडे पाहत होते. त्याने चोच लावली की मालू सुटणार, जाणार. मला ती जायला नको होती. मी उपरण्याआडून खडा मारला, दोन्ही वेळा. ती तुमच्यावर रुसली नव्हती, दादा.

ता. क. दुसरा. वर्षश्राद्ध येत्या शुक्रवारी आहे. तपकिरीची डबी घेऊन या. चहा मी करीन. आणि पिंड ठेवल्यावर माझ्या शेजारी उभे राहून माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवा.